पूर्ण कव्हरवाला

भिंगकाकांनी ड्रायव्हरच्या सीटवरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेली पांढरी पूड उन्हात धरून पाहिली. इकडेतिकडे बघून ती हुंगली. वास नव्हता. जिभेला लावून बघायचा मोह त्यांनी महत्प्रयासाने आवरला, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीत लेक उभी होती आणि तिचे सगळे लक्ष बापाच्या बोटाकडे होते. काकांनी पूड एका कागदात झटकली, कागदाची पुडी केली आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकून, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने ते घरात आले.

विमा कंपनीचे सर्वेअर म्हणून काकांचा उभा जन्म ठोकरलेल्या गाड्या तपासण्यात गेला होता. अपघात झाला की हे जायचे, गाडीभोवती फिरायचे आणि समोरचा माणूस किती टक्के खोटे बोलतो आहे ते ठरवायचे. शून्य टक्के हा आकडा त्यांच्या हिशेबात नव्हता. कचेरीतल्यांनी त्यांचे नाव भिंग पाडले होते आणि निवृत्तीच्या दिवशी खरोखरच एक पितळी मुठीचे भिंग भेट दिले. त्यात थट्टा आहे हे काकांच्या लक्षातच आले नाही. त्यांनी भिंग उलटसुलट करून काचेला चरा आहे का ते तपासले.

बायको जाऊन काही वर्षे झाली होती. घरात काका आणि त्यांची लेक, दोघेच. लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती. ती प्रयोगशाळा त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला आली, तेव्हापासून ती चालत जाऊ लागली आणि तिची निळी गाडी अंगणात धूळ खात पडली. मग तिने ती एका ॲपवर भाड्याने लावली. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने द्यायची, ज्याला हवी त्याने तासांवर न्यायची; मधे ना टॅक्सीवाला, ना कंपनी.

काकांना हे ऐकूनच कापरे भरले. अनोळखी माणसाच्या हातात गाडीची किल्ली द्यायची, हे म्हणजे त्यांच्या मते हात दाखवून अवलक्षण. त्यांनी ॲपच्या विम्याच्या अटी चष्मा लावून, भिंग लावून, अखेर मोठ्याने वाचून काढल्या. घरची वर्षाची पॉलिसी या भानगडीत हात वर करते, कारण गाडी भाड्याने दिली की ती घरगुती राहत नाही. म्हणून ॲपचे आपले कव्हर, आणि गाडी नेणाऱ्याने निवडायचे तीन प्रकार. साधे घेतले तर नुकसानीचा पहिला वाटा त्याच्या खिशातून. मधले घेतले तर तो वाटा अर्धा. पूर्ण घेतले तर गाडीचा चुरा करून आणला तरी त्याच्या केसाला धक्का नाही. सगळे ॲप भरणार. आणि एक अट काकांनी लेकीला दोनदा वाचून दाखवली. गाडी नेणाऱ्याच्या ताब्यात असताना तिला दुसऱ्या कुणी, अगदी मालकाने किंवा त्याच्या घरच्यांनी, हात लावला तर कव्हर तिथल्या तिथे संपले.

"कळलं ना?" काका म्हणाले होते. "गाडी बाहेर असताना वाटेत दिसली तरी तिकडं फिरकायचं नाही."

"बाबा, हे तुम्ही मला सांगताय?" लेक म्हणाली होती.

तिच्या म्हणण्याला कारण होते. मागच्या वर्षी तिच्या मनात एकजण भरला होता. काकांनी त्याच्या कचेरीच्या पहारेकऱ्याला गाठून त्याची चौकशी केली, शेजाऱ्याला विचारले, एकदा तर तो केस कापायला गेला तिथे बाकावर वर्तमानपत्र धरून बसले. माणूस सरळ होता. पण आपल्या मागावर कुणीतरी आहे हे त्याला कळले आणि त्याने हात जोडले. लेक तेव्हा रडली नाही की भांडली नाही. ती एवढेच म्हणाली की पुन्हा माझ्या कुठल्याही गोष्टीत मागून चौकशी केलीत तर मी वेगळी खोली घेऊन राहीन. लेकीचा स्वभाव आईवर गेला होता. बोलायची कमी, पण बोलली की करायची. ती गेली तर घरात बोलायला भिंती उरणार होत्या, आणि भिंतींवर संशय घेऊन घेऊन माणूस किती घेणार.

तर असे सगळे असताना तो माणूस आला. किडकिडा, पन्नाशीकडे झुकलेला, बोलताना जमिनीकडे बघणारा. एक आठवडा सोडून दर बुधवारी सकाळी यायचा, किल्ली घ्यायचा आणि दुपारी गाडी आणून लावायचा. आणि दर वेळी पूर्ण कव्हर घ्यायचा.

काकांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. दुकानाचा विमा वाढवला की महिनाभरात दुकानाला आग लागते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सरळ माणूस साधे कव्हर घेतो, फार तर मधले. पूर्ण घेणारा काहीतरी ठरवून निघालेला असतो. बरे, हा गाडी नेऊन करतो काय? काटा बघावा तर गाडी जेमतेम पाच-सहा किलोमीटर चाललेली. अर्ध्या दिवसाचे भाडे भरून कोण एवढेच फिरतो? शिवाय परत येताना गाडी धुतलेली, पायपुसणी झटकलेली. खुणा पुसल्याशिवाय कोण दुसऱ्याची गाडी धुतो? आणि आता ही पूड. कुठेतरी पाणी मुरत होते.

त्यांनी रात्रीच्या जेवणावर हळूच विषय काढला. लेकीने ऐकून घेतले.

"बाबा, गाडी धुऊन परत येते म्हणून तक्रार करणारे जगात तुम्ही पहिलेच," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "त्या पुडीचं काय करायचं ते करा, पण त्या माणसाच्या वाटेला जाऊ नका. मी काय बोलले होते ते लक्षात आहे ना?"

लक्षात होते. काकांनी मान डोलावली, आणि पुढच्या खेपेला तो माणूस किल्ली घेऊन निघाला तसे सायकल काढून त्याच्यामागे निघाले. माणसाची खोड अशीच असते; जित्याची ती मेल्याशिवाय जात नाही. गाडीची दुसरी किल्ली त्यांच्या खिशात होती. ती आपण का घेतली हे त्यांनी स्वतःलाही विचारले नव्हते.

सायकलवरून गाडीचा पाठलाग म्हणजे हसे व्हायचे, असे त्यांना आधी वाटले होते. पण तो माणूस गाडी अशी चालवत होता की काकांनाच अधूनमधून ब्रेक लावावे लागत होते. चौकात रस्ता रिकामा असूनही तो थांबला. एका कुत्र्याला त्याने पूर्ण रस्ता ओलांडू दिला. मागून हॉर्न वाजले तसा तो आणखी कडेला गेला. काकांचा संशय त्याच्या वेगाच्या उलट प्रमाणात वाढत चालला. इतके जपून एकच माणूस चालवतो, ज्याला पोलिसाने अडवणे परवडत नाही.

गाडी एका बंद कारखान्याच्या मागच्या आवारात शिरली. सिमेंटची जमीन, एका बाजूला पत्र्याची शेड, दुसरीकडे कुंपणाचे खांब. पाणी निघून जावे म्हणून सगळे आवार खांबांकडे उतरते केलेले. काका सायकल बाहेर ठेवून शेडच्या आडोशाला उभे राहिले.

आणि जे त्यांनी पाहिले ते पाहून त्यांची खात्रीच पटली. तो माणूस गाडी थोडी पुढे नेई, उतारावर थांबवी, उतरे, दार लावी, चार पावले जाई. मग परत फिरे, दार उघडे, आत वाके, दोन सीटांच्या मधे हात घालून काहीतरी करी आणि पुन्हा दार लावी. पुन्हा चार पावले, पुन्हा परत. एकदा नाही, कितीतरी वेळा. मधे एकदा तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसताच बसून राहिला. गाडीत ज्या ठिकाणी त्याचा हात जात होता तिथे एक झाकणाचा कप्पा होता, लेकीने मागाहून बसवून घेतलेला. काकांच्या डोक्यात सगळे जुळले. माल त्या कप्प्यात होता.

अखेर त्या माणसाने एकदाचे दार लावले, कुलूप लावले आणि रिकामी बाटली घेऊन तो कारखान्याच्या फाटकाजवळच्या नळाकडे गेला. काकांना एवढा अवसर पुरेसा होता. अट त्यांना तोंडपाठ होती, लेकीचे बोलणेही. पण समोर मांजराला शिंके दिसत होते. त्यांनी दुसऱ्या किल्लीने दार उघडले आणि ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गाडीत बसले की डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर आणि हाताने गिअर न्यूट्रल, ही जन्माची सवय. तेवढे आपोआप झाले. कप्प्याचे झाकण मात्र उघडेना. हँडब्रेक वर ओढलेला असला की त्याचा दांडा झाकणाच्या आड येई. काकांनी दांडा खाली करायला घेतला तर तो इतका घट्ट ओढलेला की एका हाताने हलेना. दोन्ही हात लावले तेव्हा सुटला.

कप्प्यात लेकीचा कंगवा होता, एक केसांचा चाप आणि खोकल्याच्या गोळ्यांचे पाकीट.

काकांनी पाकीटही उघडून पाहिले. त्यात गोळ्याच होत्या. एवढ्यात नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि मग पावले वाजली. त्यांनी झाकण आपटले, उतरून दार ढकलले आणि या वयात शोभणार नाही अशा चपळाईने शेडमागे उडी घेतली. तिथून मागे वळून पाहतात तो गाडी चालू लागलेली.

आधी इतकी हळू की डोळ्यांना वाटावे आपलीच मान फिरते आहे. मग ती सरळ उतारावर लागली. तो माणूस कोपऱ्यावरून वळला, त्याने पाहिले, बाटली टाकून तो धावला आणि गाडीची मागची बाजू दोन्ही हातांनी धरून मागे ओढू लागला. किडकिडा जीव तो. गाडीने त्याला फरफटत नेले. मग गाडी खांबावर आदळली, पुढचा दिवा फुटला, बंपर आत गेला आणि सगळे शांत झाले.

माणसाला लागले नव्हते. त्याने ड्रायव्हरचे दार उघडले, आत वाकून पाहिले आणि तो तसाच मागे सरून जमिनीवर बसला. दिव्याकडे त्याने पाहिले नाही, बंपरकडे नाही. आपल्या उजव्या हाताकडे तो बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

त्या वेळी पुढे व्हायला हवे होते, हे काकांना कळत होते. पण ते शेडमागून बाहेर आले नाहीत. डोक्यात मात्र सर्वेअर जागा झाला होता आणि त्याचा अहवाल तयारही झाला: वाहन उतारावर उभे करताना चालकाचा निष्काळजीपणा. पूर्ण कव्हर आहे. याच्या खिशाला झळ नाही, लेकीची गाडी नवी होऊन येईल, कुणाचे काही बिघडत नाही. आपण इथे नव्हतो. असे सगळे व्यवस्थित लावून काका सायकलवर बसले.

संध्याकाळी लेक घरी आली तिच्यामागोमाग तो माणूसही जिना चढून आला. ॲपवर कळवून टाकले असते तरी चालले असते, पण तो स्वतः आला. लेकीने त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत पुढ्यात वर्तमानपत्र धरून बसले.

त्याने सगळे खाली बघत सांगितले. तो शिंपी होता. काकांचा हात खिशाकडे गेला. सदरा बदलला तरी पुडी ते खिशात बाळगत आले होते, आणि ती कापडावर रेघा आखायच्या खडूची होती. मागे त्याची स्वतःची गाडी होती. घरासमोर फाटकाकडे उतरता रस्ता. एके दिवशी त्याने त्या उतारावर गाडी उभी केली आणि तो सामान काढायला मागे गेला. बायको फाटक उघडत होती. गाडी घरंगळली आणि तिचा पाय गाडी आणि फाटकाच्या मधे सापडला. आता ती काठी घेऊन चालते. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामाला न्यावे लागते, तेही शेजाऱ्याची वाट बघून. गाडी त्याने विकून टाकली होती. आता आपणच तिला नेऊ, म्हणून पुन्हा हात बसवत होता. रिकाम्या आवारात, पूर्ण कव्हर घेऊन. दुधाने तोंड पोळले होते, तो ताकही फुंकून पीत होता.

"पुढच्या खेपेला तिला बसवून नेणार होतो," शिंपी म्हणाला. "आता नाही नेणार. ताई, ब्रेक मी ओढला होता असं मला आजही आठवतं. पण तेव्हाही मला असंच आठवत होतं."

लेकीने त्याची समजूत काढली. कुणाला लागले नाही, पूर्ण कव्हर आहे, गाडी दुरुस्त होईल. तो मान हलवत होता, पण शब्द त्याच्या कानांवरून जात होते हे दिसत होते. मग ती बापाकडे वळली. जन्मभर हेच केलेल्या माणसाने काहीतरी सांगावे, असे तिचे डोळे म्हणत होते.

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. ब्रेकची केबल सैल होते कधीकधी, ते म्हणाले. दांडा वर असतो आणि आत पकड नसते. माणसाचा त्यात दोष नसतो. शिंप्याने पहिल्यांदाच मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर अशी आशा आली की काकांना त्याच्याकडे बघवेना. साप साप म्हणून भुई धोपटली होती आणि त्यात हा माणूस सापडला होता.

"दांडा वर नव्हता," शिंपी हळूच म्हणाला. "खाली होता. मी आत वाकून बघितला."

"आणि केबल मी मागच्याच महिन्यात बदललीय," लेक म्हणाली. ती बापाकडे बघत होती. आता त्या बघण्यात विचारणे नव्हते, तपासणे होते. शेवटी लेक कुणाची होती.

काकांना कळले की आता गप्प बसले तरी चालेल. शिंपी उठून जाईल, पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही, आपल्या हातावर कधी विश्वास ठेवणार नाही. लेक संशय घेईल, पण तिच्याकडे पुरावा नाही. पुराव्यावाचून घेतलेल्या संशयाचे काय होते, हे त्यांच्याइतके कोण जाणत होते. ती राहील. घर राहील.

"ब्रेक मी खाली केला," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढून वर्तमानपत्रावर ठेवली.

"दुसऱ्या किल्लीनं गाडी उघडली. कप्पा बघायचा होता मला. तुम्ही आलात म्हणून पळालो, आणि ब्रेक तसाच राहिला."

"तुम्ही यांच्या मागून गेलात," लेक म्हणाली.

"गेलो. सायकलवरून."

शिंपी या दोघांच्या बोलण्याकडे बघतही नव्हता. तो खुर्चीत पुढे सरकला होता.

"म्हणजे मी ओढला होता?"

"ओढला होता. मला दोन्ही हात लावावे लागले."

"आणि गिअर?"

"गिअरमध्ये होती. न्यूट्रल मी केली. तुम्ही काही विसरला नव्हतात."

शिंप्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याच्या खांद्यांवरून कळत होते की तो रडतो आहे. त्याने रागवावे, चार शब्द ऐकवावेत, असे काकांना फार वाटत होते. पण त्याने हात काढले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"हे माझ्या बायकोला येऊन सांगाल?" त्याने विचारले. "मी ओढला होता असं मी तिला पुष्कळदा सांगितलंय. ती हो म्हणते, दुसरं काय म्हणणार. तेव्हाचं आता कुणालाच कळायचं नाही. तुम्ही आजचं सांगा. आज ओढला होता, एवढं दुसऱ्याच्या तोंडून तिला ऐकू दे."

लोकांचे खोटे पकडायला काका आयुष्यभर दारोदार गेले होते. अमका माणूस खरे बोलला, हे सांगायला त्यांना कुणी कधी बोलावले नव्हते.

"जा," लेक म्हणाली. "आत्ताच जा. ॲपला काय झालं ते मी कळवते. कव्हर मिळणार नाही, ते आपण बघू."

शिंपी जिन्यावरून खाली गेला. काका चपला शोधू लागले; दारातच होत्या, पण त्यांना दिसत नव्हत्या. लेकीने पायाने त्या पुढे सरकवल्या.

"बाबा, मी खोली बघणार आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बोलले होते, ते मागं घेणार नाही."

काकांनी मान डोलावली. खरे बोललो म्हणून ती राहील, असे त्यांना आतून कुठेतरी वाटले होते, आणि तसे वाटल्याची आता लाज वाटत होती.

"पण पत्ता देऊन जाईन," ती म्हणाली. "आज सांगितलं नसतंत तर तोही दिला नसता."

काकांनी चपला पायात सरकवल्या. खाली शिंपी थांबला होता. कठड्याला धरून ते जिना उतरू लागले.